तुडूम बंद होईना

दामिनी दिवाळीची सुट्टी घेऊन घरी आली होती. सकाळी ती अंगणात तोंड धूत असताना गोमाजी आणि त्याच्या घरची चार माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि बसायला ती आलीही नव्हती. गोमाजीच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. हातात कापलेल्या धानाची ओलीचिंब पेंढी होती. ती त्यानं दामिनीच्या पायाशी टाकली.

"पाहून घे आपली कारीगिरी," तो म्हणाला.

दामिनीचा बाप सोमाजी आतून बाहेर आला आणि पायरीवरच थांबला. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. या दोन घरांत गेली कित्येक वर्षं कोणी कोणाला काही विचारत नसे. दोघांच्या शेतांचा धुरा, म्हणजे मधला बांध, एक, पाट एक, आणि भांडणंही त्या दोहोंवरूनच. सोमाजीच्या बांधी, म्हणजे धानाचे वाफे, पाटाच्या वरच्या अंगाला, गोमाजीच्या शेवटाला. वरच्यानं पाणी अडवलं की खालचा बोंबलायचा, वरच्यानं सोडलं की खालचा आणखी जोरात बोंबलायचा.

या वेळी मात्र बोंब खरी होती. गोमाजीचा हलका, लवकर येणारा धान कापून झाला होता आणि कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच वाळत पडल्या होत्या. सोमाजीचा धान भारी, उशिरा येणारा, अजून उभा. त्याला शेवटचं एक पाणी हवं होतं. त्यासाठी आदल्या दिवशी तलावाचं तुडूम, म्हणजे पाटात पाणी सोडायचं दार, उघडलं होतं. सोमाजीच्या बांधी दुपारपर्यंत भरल्या, त्यानं आपल्या मोऱ्या बुजवल्या, आणि संध्याकाळी तुडूम आपोआप बंद व्हायला हवं होतं. ते झालं नाही. पाटाचं सगळं पाणी शेवटाला गेलं, आणि गोमाजीची बायको गोदावरीबाई उजाडता शेतात गेली तेव्हा तिच्या कडपा पाण्याखाली होत्या.

"अजून चालू आहे पाणी," गोमाजी म्हणाला. "तुह्या बापाचं पोट भरलं नाही का अजून?"

दामिनीनं ओल्या तोंडानंच चप्पल घातली.

तलावाच्या तुडूमावरचं यंत्र तिचं होतं. ती नागपूरच्या एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहायची. गेल्या वर्षी पाणी वापर संस्थेच्या लोकांना पटवून तिनं तुडूमाचं हातानं फिरवायचं चाक काढायला लावलं, मोटर बसवली, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बंधाऱ्यावर, एक खोपटी बांधून घेतली आणि तिच्यात सौरपाटीवर चालणारा छोटा कॉम्प्युटर ठेवला. फोनवरून संदेश गेला की तुडूम उघडायचं. पाटातल्या पाण्याची पातळी बघून ते स्वतःच कमी-जास्त व्हायचं आणि वेळ संपली की बंद. पाळीवर राखणदारीला बसायची गरज नाही, म्हणून लोक खूश होते. गोमाजी खूश नव्हता. सोमाजीच्या पोरीच्या हातात सगळ्या गावाचं पाणी देणं त्याला पसंत नव्हतं. खोपटीची दुसरी किल्ली आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड माझ्या पोराकडे राहील, या अटीवर त्यानं अंगठा टेकवला.

त्याचा पोरगा कैलाश. तो आणि दामिनी भंडाऱ्याला डिप्लोमाला एकाच वर्गात होते, आणि तिथंही एका बाकावर कधी बसले नाहीत. पुढं दोघांनी नागपूरच्या त्याच कंपनीत मुलाखत दिली. दामिनीला घेतलं, कैलाशला नाही. त्यानं आंधळगावात ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं आणि दामिनीनं साहेबांचे कान भरले असं तो सांगत फिरला. तिनं भरले नव्हते. पण साहेबांनी, हा तुमच्या गावचा मुलगा कसा आहे, असं विचारलं तेव्हा तिनं, मला नीट माहीत नाही, असं उत्तर दिलं होतं.

पाळीवर तोवर निम्मं गाव जमलं होतं. तुडूमातून पाणी फेसाळत पाटात पडत होतं. दामिनीनं खोपटी उघडली, कॉम्प्युटरचा पडदा लावला आणि पाहते तर तिचा प्रोग्राम चालूच नव्हता. तिला वाटलं, रात्री कधीतरी बंद पडला असेल. मनातल्या मनात तिला थोडं हलकंच वाटलं. बंद पडलेली गोष्ट चालू करता येते. तिनं प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि तुडूम बंद करायचा हुकूम दिला.

मोटर गुरगुरली. लोखंडी दांडी खाली सरकली. पाण्याचा आवाज कमी होत होत थांबला.

"झालं," ती बाहेर येऊन म्हणाली.

लोक पाटाकडे बघत होते. पाट हळूहळू उतरू लागला, काठावरचा ओला पट्टा दिसू लागला, आणि तेवढ्यात मोटर पुन्हा गुरगुरली. खोपटीत कोणी नव्हतं. दामिनीचे दोन्ही हात सगळ्यांना दिसत होते, फोनही घरीच राहिला होता. तरी दांडी वर चढली आणि पाणी पहिल्यासारखं पाटात कोसळायला लागलं.

"पाहा," गोमाजी लोकांकडे वळून म्हणाला. "आपल्या डोळ्यांनं पाहा. दाखवाले बंद करते, अन् मागून सोडते."

दामिनीनं आत जाऊन पुन्हा बंद केलं. पाट उतरला, तुडूम पुन्हा उघडलं. मागून कोणीतरी हसलं. एका बाईनं, शिकल्यासवरल्या पोरींना लाज नसते, अशा अर्थाचं काही म्हटलं. दामिनीच्या मानेवरून घाम उतरत होता. यंत्र तिनं बांधलेलं, त्यातली ओळ न् ओळ तिची, आणि ते तिच्याच डोळ्यांदेखत तिचं ऐकत नव्हतं. हे मुद्दाम केलेलं नाही, असं ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण पाहणाऱ्याला ते मुद्दामच दिसत होतं. ती तिकडे उभी असती तर तिनंही तेच म्हटलं असतं.

गोमाजीनं एकाच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि तो खोपटीच्या दारात आला.

"तोडू नका, काकाजी," ती दार अडवून म्हणाली. "तोडलं तर तुडूम आत्ता आहे तसं राहील. उघडंच. चाक काढलेलं आहे, हातानं बंद करता येणार नाही."

"मंग बंद करून दाखव."

"करून राहिले."

"कवाचं पाहून राहिलो आमी तुहं करणं."

पण तो थांबला. कुऱ्हाड खाली ठेवली नाही, दारातच उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर पडत होती. अशा माणसाकडे पाठ करून दामिनीला विचार करायचा होता.

कॉम्प्युटरवर त्या घटकेला काय काय चालू आहे ते तिनं पडद्यावर आणलं. आणि तिथं तिला दिसलं की तुडूम सांभाळणारे प्रोग्राम एक नव्हे, दोन चालू आहेत. एक तिनं आत्ता सुरू केलेला. दुसरा कालपासूनचा.

तिच्या यंत्राची रीत अशी होती. थेट बंद करायचा हुकूम सोडला तर मुख्य प्रोग्राम स्वतः तुडूमाला हात लावत नसे. पाणी सोडायचा हुकूम आला की तो आपल्यातूनच दुसरा एक प्रोग्राम जन्माला घालायचा, तुडूमाचं काम त्याच्यावर सोपवायचा आणि स्वतः पुढच्या हुकमाची वाट बघत बसायचा. या धंद्यात त्या दुसऱ्याला चाइल्ड प्रोसेस म्हणतात, म्हणजे पोरच. पोराचं काम पाटातली पातळी धरून ठेवायची: पाणी चढलं की तुडूम ओढायचं, उतरलं की उघडायचं. वेळ संपली की बाप पोराला थांब म्हणायचा. पोर तुडूम बंद करायचं आणि संपायचं.

प्रत्येक प्रोग्रामपुढं त्याचा नंबर असतो आणि त्याच्या बापाचाही. कालपासून चाललेल्या पोरापुढं बापाच्या जागी एक हा आकडा होता. कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी जो उठतो त्याचा तो नंबर. ज्या पोराचा बाप मरतो ते त्याच्या पदरात पडतं. तो त्याला सांभाळून घेतो, पण थांब म्हणत नाही. ते त्याचं काम नव्हे.

म्हणजे बाप मेला होता आणि पोर आपलं काम इमानानं करत राहिलं होतं. वेळ संपल्याचं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. दामिनीनं सुरू केलेल्या नव्या प्रोग्रामाला या जुन्या पोराचा पत्ताच नव्हता. तो बंद करायचा, पाट उतरायचा, आणि पोराला वाटायचं पाणी कमी पडलं, उघडलं पाहिजे.

तिनं त्या पोराचा नंबर लिहून त्याला थांब असा संदेश धाडला. काल संध्याकाळी त्याच्या बापानं धाडायला हवा होता तोच. मोटर गुरगुरली, दांडी खाली गेली. पाट उतरला. लोक बराच वेळ बघत राहिले. दांडी पुन्हा हलली नाही.

आता लोकांना काय झालं ते हवं होतं. दामिनीनं जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. बाप आणि पोर असं ती म्हणाली तेव्हा लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण सांगता सांगता तिच्याच ध्यानात एक गोष्ट आली आणि ती बोलायची थांबली. बाप असा मरत नाही. आपोआप बंद पडला असता तर कॉम्प्युटरनं त्याला लगेच पुन्हा उठवलं असतं, तशी सोय तिनं करून ठेवली होती. ती सोय कोणीतरी आधी बंद केली होती, आणि मग त्याला जबरदस्तीनं मारलं होतं, पोराला दोन शब्द सांगायचीही सवड न देता. त्यासाठी किल्ली लागते, आणि पासवर्डही.

"कैलाश कुठं आहे?" तिनं विचारलं.

तो आदल्या दिवशी अड्याळला सासुरवाडीला गेला होता. त्याला फोन गेलाच होता. लोक पाळीवरून हलायच्या आत तो मोटरसायकलवर आला, गाडी पाळीच्या पायथ्याशी टाकून वर चढला आणि आधी त्यानं खाली आपल्या बांधीकडे बघितलं. गोदावरीबाई आणि शेजारच्या बाया पाण्यात वाकून पेंढ्या उचलत होत्या. त्याचा चेहरा उतरला.

दामिनीनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, काल तू इथं आला होतास का. तो बांधीकडेच बघत राहिला. गोमाजीनं मग तेच विचारलं, फक्त हळू आवाजात.

"आलो होतो," कैलाश म्हणाला. "अड्याळले जायाच्या आधी. सोमाजीकाकाच्या बांधी भरल्या होत्या, तरी पाट चालूच होता. आपल्या कडपा पडून होत्या. म्हणून मी बंद केलो."

"काय बंद केलंस?" दामिनीनं विचारलं.

"प्रोग्राम. पुन्हा पुन्हा उठे, तर ते उठणंही बंद केलो. अन् बाहेर येऊन पाह्यलो, तुडूम बंद होतं."

ते खरं असणार हे तिला लगेच कळलं. त्या घटकेला पाट भरलेला असेल, म्हणून पोरानं तुडूम ओढून धरलं असेल. कैलाशनं बंद तुडूम पाहिलं, समाधानानं खोपटीला कुलूप लावलं आणि तो सासुरवाडीला गेला. त्याची पाठ वळल्यावर पाट उतरला आणि तुडूम पुन्हा उघडलं.

सोमाजीला यातलं फारसं समजलं नव्हतं. गोमाजीच्या पोरानं गोमाजीचाच धान बुडवला, एवढं मात्र समजलं. तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. पण पाळीवर सगळे गप्प होते आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

गोमाजीनं कुऱ्हाड टाकली आणि सरळ त्याची मान धरली. दोघं म्हातारे एकमेकांच्या अंगावर कोसळले आणि पाळीच्या उतारावरून घसरत खाली गेले. सोमाजीची बंडी फाटली, गोमाजीचं कपाळ दगडावर आपटलं. लोक बाजूला झाले. मध्ये पडून कोणाला वाईटपणा घ्यायचा नव्हता. शेवटी दामिनीनं आपल्या बापाला मागून कवेत धरलं आणि कैलाशनं त्याच्या बापाला. दोघांनी दोन बाजूंना ओढलं, तेव्हा ते सुटले.

चिखलानं माखलेली दोन्ही घरं समोरासमोर उभी होती. दामिनीला धाप लागली होती.

"एक फोन करायचा होतास मला," ती कैलाशला म्हणाली.

"तुले?"

"मी घरीच होते. हाकेच्या अंतरावर."

"जवा किल्ली देल्ली तवा मी तुले विचारलो होतो, बंद कराचं असंन तर कसं कराचं," कैलाश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू काय म्हणाली होती? सांग साऱ्याईले."

दामिनीनं खोपटीच्या दाराकडे पाहिलं.

"सांग ना. आता काहून गप्प?"

तिला तो दिवस चांगला आठवत होता. संस्थेच्या लोकांसमोर किल्ली त्याच्या हातात द्यावी लागली, याचा तिला राग आला होता. नीट थांबवायची एक रीत होती, अगदी साधी: एक हुकूम दिला की मुख्य प्रोग्राम आधी पोराला थांबवायचा, तुडूम बंद झाल्याची खात्री करून घ्यायचा आणि मग स्वतः थांबायचा. ते सांगायला वेळ लागला नसता.

"तू डिप्लोमावाला आहेस, शोधून घे, असं म्हटलं होतं," ती म्हणाली.

लोकांमध्ये कुजबुज झाली. सुशीलाबाई, तिची आई, गर्दीच्या कडेला उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती घराकडे चालू लागली. दामिनीला वाटलं आता सगळंच सांगून टाकावं, म्हणून तिनं तेही सांगितलं, की बाप मेला तर पोरानं तुडूम बंद करून स्वतः थांबावं, अशी सोय यंत्रात करता येते आणि तिनं ती केली नव्हती. बाप मरेल असं लिहिताना तिच्या मनातच आलं नव्हतं. हे ऐकून कोणाचा राग उतरला नाही. उलट, आतापर्यंत जे दोन घरांत वाटून गेलं होतं, ते तिनं आपल्याच घरावर ओढून घेतलं असं सोमाजीला वाटलं. तो सगळ्यांदेखत म्हणाला की कोणी विचारलं नव्हतं तर तोंड उघडायची काय गरज होती. घरी परतेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही आणि परतल्यावरही नाही.

दामिनी मात्र घरी न जाता धुऱ्यावरून खाली उतरली. गोदावरीबाई ओल्या पेंढ्या उचलून धुऱ्यावर उभ्या करत होती. उन्हात लोंब्यांतून पाणी गळत होतं. दामिनी पाण्यात उतरली आणि एका पेंढीला तिनं हात घातला.

"हात नको लावू," गोदावरीबाई म्हणाली.

"काकी, तेवढंच लवकर..."

"तुह्या हातानं खूप झालं. जाय."

बाकीच्या बायांनी मान वर केली नाही. दामिनीनं पेंढी होती तशी ठेवली आणि ती धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं कैलाश आला. त्यानं पायजमा खोचला आणि तो पाण्यात उतरून पेंढ्या उचलू लागला. त्याला गोदावरीबाई जा म्हणाली नाही. दामिनी उभी राहून बघत होती तोवर त्यानं एकदाही इकडे पाहिलं नाही. मग ती निघून गेली.

पुढं जे झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. भिजलेल्या कडपांपैकी काही वाळल्या, बऱ्याच पेंढ्यांत लोंबीतच कोंब फुटले आणि त्या ढोरांना टाकाव्या लागल्या. सोमाजीचा भारी धान त्या वर्षी नजर लागेल असा आला, आणि ते आणखी वाईट झालं. त्या बांधीवरून जाणारा येणारा थांबून काहीतरी बोलायचा. संस्थेची बैठक झाली तेव्हा यंत्र ठेवा असं म्हणणारं एकही तोंड निघालं नाही. मोटर काढून चाक पुन्हा बसवायचं ठरलं, आणि ते काम दामिनीनंच करावं असंही ठरलं. तिनं केलं. बोल्ट काढताना मदतीला कोणी आलं नाही. पाळीवर बसून बघायला मात्र बरेच जण आले होते.

खोपटीतला कॉम्प्युटर तिनं नागपूरला नेला नाही. त्याच दिवशी बसनं करडीला नेला. तिथल्या तलावावरही तिच्या कंपनीनं असंच एक यंत्र बसवलं होतं आणि ते चांगलं चाललं होतं. म्हणजे तिथला बाप अजून कोणी मारला नव्हता. घरी बसून तिनं प्रोग्राम दुरुस्त केला होता. आता पोर प्रत्येक खेपेला आधी आपला बाप जिवंत आहे का ते पाहायचं. नसला तर तुडूम बंद करून स्वतः थांबायचं. गावच्या कॉम्प्युटरवर तिनं ते करडीच्या पाळीवर बसूनच पुन्हा पुन्हा तपासलं: बाप मारला आणि पोर काय करतं ते पाहिलं. मग तिथल्या यंत्रात ते घातलं. करडीच्या संस्थेत पाटाच्या दोन्ही अंगांचे, वरचे आणि खालचेही, शेतकरी होते. तिनं दोन्हीकडच्या एकेकाला बोलावलं, थांबवायची रीत सांगितली आणि दोघांकडून स्वतःच्या हातानं करून घेतली. त्यांचंही एकमेकांशी पटत नसावं, कारण एक करत असताना दुसरा तलावाकडे तोंड करून उभा होता. तिनं त्याला वळायला लावलं.

परतताना ती आंधळगावला उतरली. कैलाशचं दुकान रस्त्यालगतच होतं. तो कोणाचा तरी आधार कार्डाचा फोटो पडद्यावर सरळ करत होता, समोर एक म्हातारी बाकावर बसली होती. दामिनी पायरीवर उभी राहिली. आत ये असं तो म्हणाला नाही.

नोकरीच्या वेळी साहेबांनी मला तुझ्याबद्दल विचारलं होतं आणि मी काहीच सांगितलं नाही, हे बोलायला ती आली होती. तोंडातून दुसरंच निघालं. यंत्र नीट थांबवायचं असेल तर कोणता हुकूम द्यायचा, तो शब्द तिनं सांगितला. तो ऐकत होता की नाही ते कळलं नाही. त्यानं फोटो सरळ केला, छापायला लावला आणि मग कागद बाहेर येत असताना तिच्याकडे पाहिलं.

"आता कायले?" तो म्हणाला.

त्यानं म्हातारीला कागद दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नाव विचारलं. दामिनी पायरीवरून उतरली आणि नागपूरच्या बसची वाट बघत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.